पाणी आलं की आणलं

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी अमरावतीहून अकोल्याला मुलीकडे राहायला गेलो. डॉक्टरांनी वाचायला मनाई केली होती, लांबून पाहायला हरकत नव्हती. म्हणून दुपारी नातीच्या खोलीत बसायचो. ती इंजिनिअरिंगला आहे. कॉलेजातून आली की कॉम्प्युटरवर एक गेम लावायची. त्यात एक तलवारवाली बाई गावोगाव फिरते, लोकांची कामं करते.

त्याच दिवसांत सरपंचाचा फोन आला होता. मी जिथे बरीच वर्षं मास्तर होतो, त्या पूर्णेकाठच्या गावात नवी पाण्याची टाकी झाली होती. तिच्यावर माझ्या नावाची फरशी बसवायची होती. 'गावात गोडं पाणी आणणारे गुरुजी' असा मजकूर होता. मी हो म्हणालो होतो.

एका दुपारी गेममधल्या गावाचा तलाव नासला. नात डोंगरावर गेली, लढली, पाणी सुटलं. गावकरी म्हणाले, तुझ्यामुळे गाव वाचलं. मला बरं वाटलं. मी विचारलं, "तू गेलीच नसती तर?"

"थांबा आबा, दाखवते," असं म्हणून ती गेममध्ये मागे गेली आणि दुसऱ्या वाटेने खेळली. डोंगरावर गेलीच नाही. पाणी तरीही सुटलं. गावकरी तेच वाक्य बोलले.

"हे तर तेच झालं."

"पानी येतेच आबा. गोष्ट पुढं न्यायची असते न गेम बनवनाऱ्याईले. आपल्या हातात फक्त पूल हाये. गावाच्या या टोकाले बांधा, नाई तं त्या टोकाले."

"त्यानं काय होतं?"

"त्या टोकाले एक म्हातारी राह्यते. पूल इकडं बांधला की तिची वाट तुटते, घर बंद होते. बाकी सारं सारखंच."

मी पडद्यावर त्या म्हातारीचं घर शोधू लागलो. तिने वळून पाहिलं. "आबा, तुमी काहून टेन्शन घेऊन राहिले? गेम हाये तो."

आमचं ते गाव खारपाणपट्ट्यातलं. विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नसे, चहा फाटायचा. लोकांनी गोड्या पाण्यासाठी अर्ज लिहिला आणि मास्तर म्हणून मला अकोल्याच्या पाणीपुरवठा कचेरीत पाठवलं. तिथला बाबू अर्ज न वाचताच म्हणाला, "गुरुजी, तुमच्या गावची लाइन तं कधीचीच मंजूर झाली. फक्त पाइप यायचे हायेत." मी चहा पिऊन परतलो. एसटीतून उतरताना लोकांनी विचारलं. मी म्हणालो, पाणी येतंय. संध्याकाळपर्यंत त्याचं 'गुरुजींनी पाणी आणलं' झालं. 'आणलं' हे मी कधी म्हणालो नाही. पण कुणी म्हटलं तर 'आलं' असं दुरुस्तही केलं नाही, आणि मी तर मराठीचा मास्तर.

पुढचं मात्र माझ्याच हातचं. गावासाठी एकच सार्वजनिक नळ होता. इंजिनिअरने त्याच्यासाठी बौद्ध वस्तीच्या तोंडाशी चुन्याची खूण केली होती. मी म्हणालो, शाळेजवळ घ्या, पोरांना प्यायला होईल. तो म्हणाला, तुमी म्हनता तं घेतो. त्याने पायाने चुना पुसला. पोरांचं कारण खरं होतं. माझी खोलीही शाळेला लागून होती. वस्तीतल्या बायांना मग सगळं गाव ओलांडून यावं लागे, आणि गावाच्या घागरी भरेपर्यंत बाजूला उभं राहावं लागे. घरोघरी नळ येईपर्यंत हे चाललं. मी ते खिडकीतून रोज पाहत होतो.

सरपंचाला फोन करून मी म्हणालो, नाव काढा. तो हसला. "फरशी कोरून झाली गुरुजी. या तं तुमी."

गेलो. टाकीच्या उद्घाटनात माईक हातात दिल्यावर हे सगळं याच क्रमाने सांगितलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सरपंच म्हणाला, "गुरुजी लय साधे हायेत," आणि पुढच्या वक्त्याचं नाव घेऊ लागला.

तेव्हा मागून एक बाई उभी राहिली. वस्तीतली, माझीच विद्यार्थिनी, आता उपकेंद्रात नर्स आहे. म्हणाली, "साधे कायचे? खरं सांगून राहिले ते. गुरुजी, हे तवाच सांगतलं असतं तं माह्या मायची कंबर वाचली असती."

"हो," मी म्हणालो.

ती बसली नाही. सरपंचाने फरशीकडे पाहिलं. "आता हिचं काय करावं?"

"उलटी बसवा," ती म्हणाली. "मांगची बाजू कोरी हाये."

गवंडी सिमेंट कालवून थांबलाच होता. त्याने सरपंचाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी फरशीचं एक टोक धरलं, तिने दुसरं धरलं.