तुळशीच्या चौथऱ्यावरची फुली

पेडण्याच्या टोकाला असलेल्या केरीच्या किनाऱ्याची धूप हा माझा पीएचडीचा विषय. समुद्र किती आत आला हे मोजायचं, तर आधी न हलणारी एक खूण लागते. सुरूची झाडं पडत होती, विजेचे खांब कलत होते. शेवटी मी किनाऱ्यालगतच्या एका घरासमोरचं तुळशीवृंदावन निवडलं. तुळस कोण कशाला हलवील? चौथऱ्याच्या कोपऱ्यावर छिन्नीने फुली कोरली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले.

त्या घरातल्या काकी आधी "तुळशीक काय गे टोचतंस?" म्हणून कुरकुरल्या. मग स्वतःच मोजायच्या टेपचं टोक फुलीवर धरून बसू लागल्या. दुसरं टोक घेऊन मी वाळूच्या कडेपर्यंत जायचे. परत आले की त्या विचारायच्या, "किती रवला?" मी उरलेल्या किनाऱ्याचा आकडा सांगायचे, तोही घाईघाईत, कारण आत चहा आणि गरम उंडे पाव वाट बघत असायचे.

यंदा तुळशीच्या लग्नाआधी गेले, तर अंगण मोकळं. वृंदावन घरामागे नव्याने बांधलेलं, रंगही अजून ओला. खूणच गेली, तर इतक्या वर्षांची मोजमापं आता कशाशी जोडायची? मी चिडलेच. "निदान एक फोन तरी करायचा, काकी."

"तुका सांगून दर्यो मागे जातलो होतो?" म्हणत त्यांनी मला जुन्या जागी नेलं आणि तिथली झावळ बाजूला केली. खाली चौथऱ्याचा तेवढा एक कोपरा फुलीसकट शाबूत होता. गवंड्याला त्यांनी तो फोडूच दिला नव्हता.

"तुजी खूण तेवढी ठेवलंय."

मला इतका आनंद झाला की मी घाईने टेप काढली. काकींनी नेहमीसारखं टोक धरलं. टेप मागच्या खेपेपेक्षा बरीच कमी उलगडली. प्रबंधाच्या दृष्टीने ही नोंद फार मोलाची होती. परत आले, तर काकी फुलीवर बोट ठेवून तशाच बसलेल्या.

"किती रवला?"

मी सांगितलं. या वेळी सावकाश. त्या नव्या तुळशीच्या दिशेने बघत राहिल्या.

"ती तरी थयसरच रवतली मां, बाय?"

खोटं बोलवेना. मी नाही म्हणून मान हलवली आणि मला फार वाईट वाटलं.

काकी गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "मगे फुडची कुंडीतच लावतंय," म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.