आधी खांब, मग हात

ठोकेसाहेब शिवी हासडल्याशिवाय खांबाला हात लावत नसत. आधी शिवी, मग हातोडा. खरं आडनाव वेगळंच होतं, पण अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत सगळे त्यांना याच नावानं ओळखत. काँक्रीट तपासणं हा त्यांचा पेशा. काँक्रीट नीट ठासून बसवलं नाही म्हणून एका मुकादमाच्या त्यांनी भर साइटवर कानाखाली जाळ काढला होता.

मी तेव्हा उल्हासनगरात एका सिंधी डॉक्टरांकडे एक्स-रे काढायचे. साहेब खांबातून कापलेली पातळ चकती रुमालात बांधून आणत. "बाई, पेशंट आणलाय!" आत अडकलेली हवा फिल्मवर काळ्या ठिपक्यांनी उमटे. "हरामखोरांनी चाळण उभी केलीये," म्हणून ते टेबलावर मूठ आपटत. डॉक्टर आतून ओरडत, "साईं, दवाखाना है ये!"

एका दुपारी ते रक्तानं माखून आले. बिल्डरच्या माणसांनी सळईनं बडवलं होतं. उजवा हात लोंबत होता, डाव्यात चकती.

"आधी खांब, मग हात."

"साहेब, हाड मोडलंय तुमचं!"

"माझं एकट्याचं मोडलंय. याच्यावर बारा घरं आहेत." त्यांनी इमारतीचं नाव सांगितलं. बदलापूरच्या त्याच इमारतीत आमचं नवं घर होतं, आठवड्यावर वास्तुशांत आलेली.

अर्धी फिल्म शिशाच्या पत्र्याखाली झाकून आधी चकती घेतली, मग उरलेल्या अर्ध्यावर हात. चकतीत नुसती भोकं होती.

फिल्म दाखवली तर बिल्डर हसला. "दवाखान्याचा फोटो कोण मानतो?" आमच्या ह्यांनाही तेच पटलं. वास्तुशांतीला होम पेटला आणि साहेब प्लास्टरमधल्या हातानिशी आत घुसले. डाव्या हातानं त्यांनी हॉलमधल्या खांबावर घाव घातले. तिसऱ्या घावाला काँक्रीट ढेकळांसारखं गळालं, सळया उघड्या पडल्या. भटजीसुद्धा उठून पळाले. बिल्डरच्या माणसांनी साहेबांना जिन्यावरून फरफटत नेलं, लाथांनी तुडवलं. मी कडेवर मुलगी घेऊन वरच्या पायरीवर उभी होते. किंचाळले, पण खाली उतरले नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

तिथं कुणीच राहायला गेलं नाही. चार महिन्यांनी ती रिकामी इमारत भरदिवसा बसली. साहेबांनी नंतर हातोडा उचलला नाही, उचलता येईना.

मुलगी आता मोठी झाली आहे. परवा कपाट आवरताना तिला ती फिल्म सापडली. "आई, हा कुणाचा हात?" मी सांगितलं, "तुला कडेवर घेऊन मी जिथं उभी होते ना, तिथून खाली ज्यांना मारत होते, त्यांचा."