पान्यासाठी पागोटे

ज्याच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म आहेत, युगांमागून युगे लोटली, तरी ज्याची एकही वस्तू हरवली नाही की या हातातली त्या हातात गेली नाही, त्या चतुर्भुज नारायणाला आधी दंडवत! आणि त्याच्याच कृपेने घाटनांदूरच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात साठ हत्यारे सांभाळणाऱ्या शहादेवाला मग रामराम.

निजामाचे राज्य होते. गावात आगगाडी नुकती आली होती, तिच्यामागून हा कारखाना. पूर्वी तिथली हत्यारे वाऱ्यावर असत. मोठा पाना एकदा शेजारच्या साखराबाईच्या उखळाजवळ सापडला. त्याने ती मिरच्या कुटत होती. पुढे महिनाभर पान्याला हात लावील त्याचे डोळे झोंबत!

शहादेवाला अक्षरओळख नव्हती. त्याने साठ खुंट्या ठोकल्या आणि नेम घातला: हत्यार न्यायचे, तर डोक्यावरचे पागोटे त्याच खुंटीवर ठेवायचे. उघड्या डोक्याने घरी जाणार कोण? उंबऱ्यातच बायको गळा काढील, "कोण गेलं वो?" म्हणून! दिवस मावळायच्या आत हत्यार हजर. भिंतीवर लाल दिसले की हातोडा धुळाजी फिटरकडे, पिवळे दिसले की छिन्नी म्हाळूकडे. वही नको, दौत नको.

हंगामाच्या तोंडावर इंजिन तपासायला हैदराबादेहून साहेब यायचे ठरले. त्यांच्या सहीवाचून कारखाना सुरू होणे नाही. मॅनेजर मोहनराव शहादेवाला म्हणाले, "साहेबापुढं एक जरी डोकं उघडं दिसलं, तर किल्ली ठेवायची आणि घरी जायचं."

घरी केसरबाईने ताट वाढले. "कावून तोंड पाडलंय?"

"लोकाची पागोटी राखता राखता माझी भाकर जायची येळ आली."

"मग उद्याच्या दिस सोडा की तुमचा नेम."

"न्हाई! एक दिस सोडला, तर साठाची चाळीस व्हतील."

त्याने तोड काढली. दुसऱ्या दिवशी एकही हत्यार बाहेर गेले नाही. सगळी पागोटी डोक्यांवर, सगळे गडी रांगेत. साहेब आले, डोक्यावर लाल रुमी टोपी, तिला काळा गोंडा. इंजिनाभोवती फिरले आणि स्वतःच हत्यारखोलीच्या दारात उभे राहिले. "पाना दो."

शहादेवाने पाना काढला, छातीशी धरला. नोकरी एका बाजूला, नेम दुसऱ्या बाजूला.

"हुजूर... टोपी."

मोहनरावांनी भिंतीचा आधार घेतला.

"क्या बोला?"

मागून धुळाजी म्हणाला, "देऊन टाका साहेब! ह्यो देवालाबी सोडायचा न्हाई."

"पाना आला की टोपी माघारी, हुजूर. चीज मालकाची हाय, माझी न्हाई."

साहेबांनी त्याला निरखून पाहिले आणि टोपी काढून खुंटीला अडकवली. खाली तुळतुळीत टक्कल! साऱ्या कारखान्यात एकच डोके उघडे, तेही साहेबांचे.

तपासणी झाली, सही झाली. इंजिन सुरू करायचा हुकूम देत साहेब टोपीसाठी वळले.

"हुजूर, पाना?"

साहेबांनी हात पाहिले. रिकामे. शहादेव धावत सुटला, "थांबा बे! इंजिनाला हात लावू नगा!"

शोधता शोधता धुळाजी ओरडला, "ह्यो बघा!" इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या दोन आऱ्यांमध्ये पाना अडकला होता. साहेबांनीच घाईत ठेवलेला! चाक फिरते, तर तो तोफेच्या गोळ्यासारखा सुटता.

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी दोन्ही हातांनी पाना शहादेवाला दिला, टोपी घेतली आणि मोहनरावांना म्हणाले, "मॅनेजर साब, इस आदमी को मत छेड़ना."

सहीचा कागद भिंतीवर ठोकायला मोहनराव स्वतः हातोडा मागायला आले. शहादेव नुसता त्यांच्या रेशमी पागोट्याकडे पाहत राहिला. मोहनरावांनी सुस्कारा सोडला आणि ते उतरवले.

नारायणा, या शहादेवाचा चोखपणा असाच तेजाळ राख. त्याच्या केसरबाईच्या तव्यावर भाकरी टम्म फुगो, लेकराबाळांनी अंगण भरो, दारी आलेला उपाशी न जावो, आणि त्या घरावर तुझ्या मायेची सावली अखंड राहो!