ट्रॉलीच्या मागचा तांबडा दिवा

नाथाजी फौजेतून हवालदार होऊन घरी आला, तेव्हा गावानं त्याला वेशीपासून वाजतगाजत आणलं आणि महिन्याभरात त्याचं नाव ‘ब्रेकलाइट’ ठेवलं. सगळी नोकरी त्यानं फौजेच्या गाड्यांवर काढली होती. डोंगरात, धुक्यात ट्रकांची रांग चालली की मागच्या ड्रायव्हरला पुढच्या गाडीचा तेवढा तांबडा ठिपका दिसायचा. तो दिसला नाही म्हणून दरीत गेलेला एक दोस्त नाथाजीनं स्वतः दोरानं वर ओढला होता. त्यामुळं कराड-तासगाव रस्त्यानं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत जाणारे ट्रॅक्टर बघितले की त्याला तो दोस्त आठवायचा. मागं दिव्याचा पत्ता नाही, नुसतं उसाच्या शेंड्यांचं लोंबणारं वाढं. तो मोटारसायकल आडवी घालून ट्रॅक्टर थांबवायचा.

“तू ब्रेक दाबलास तर मागच्याला कळायचं कसं रं?”

“त्याला डोळं न्हाईत व्हय, हवालदार?” ड्रायव्हर हसायचे आणि गाणं मोठं करून निघून जायचे.

घरचा ट्रॅक्टर थोरल्या भावाचा, जोतिबाचा. नाथाजी सीमेवर होता तेव्हा रान, घर, त्याची बायको सुलाबाई आणि एकुलती एक मुलगी प्रांजल, सगळ्यांना जोतिबानंच सांभाळलं होतं. प्रांजलच्या बारशापासून पहिल्या सायकलीपर्यंत सगळं चुलत्यानं केलेलं. ट्रॅक्टर चालवायचा जोतिबाचा मुलगा शंभूराज. त्याला फौजेत जायचं होतं आणि नाथाजी रोज पहाटे त्याला कालव्याच्या कडेनं पळवायचा. पोरगं वाऱ्यासारखं पळायचं. पळताना बघून नाथाजीला स्वतःचीच तरणी छाती आठवायची.

त्या हंगामात साखर कारखान्यानं नियम काढला. ट्रॉलीमागं ब्रेक लाइट नसेल तर ऊस वजनकाट्यावर घ्यायचा नाही. नाथाजीनं आनंदानं घरच्या दोन्ही ट्रॉल्यांना दिवे बसवले, तारा नळीत घालून पक्क्या केल्या. आठवड्यातच शंभूराजनं त्या उपटून टाकल्या.

“रानात सारख्या अडकत्यात, तात्या. फाटकाम्होरं पाटी लावतूय की.”

पाटी म्हणजे दोन तांबडे दिवे ठोकलेली एक फळी. कारखान्याचं फाटक आलं की मागं अडकवायची, काटा झाला की काढून पुढच्या ट्रॅक्टरवाल्याला द्यायची. नाथाजीनं त्याला शिव्या घातल्या. पण भरतीचं मैदान तोंडावर होतं, पोरगं मैदानावर चिडून जायला नको, म्हणून तो गप्प बसला. शंभूराज भरतीत पास झाला. आता फक्त बोलावणं यायचं राहिलं होतं.

प्रांजल पलूसला औषधाच्या दुकानात कामाला होती. त्या दिवशी दिवेलागणीला ती स्कूटरवरून घरी येत होती. पुढं उसाची ट्रॉली होती. ट्रॅक्टरसमोर कुत्रं आलं, शंभूराजनं ब्रेक दाबला आणि ट्रॉली जागच्या जागी उभी राहिली. मागं काहीच उजळलं नाही. प्रांजल सरळ ट्रॉलीच्या लोखंडात घुसली. शंभूराज खाली उतरून मागं गेला, तेव्हा वाढ्याखाली आपलीच बहीण पडली आहे हे त्याला तिच्या आवाजावरून कळलं.

सांगलीच्या दवाखान्यात तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला. नाथाजी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. जोतिबा आला, त्याच्याजवळ सरकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “नाथा, पोलीस सकाळी येणार हाईत. ट्रॅक्टर वस्तीवर आणून लावलाय.”

नाथाजीला आधी अर्थच लागला नाही.

“दिवं बशीव,” जोतिबा म्हणाला. “तुझ्यागत पक्कं काम दुसऱ्या कुणाला येत न्हाई. केस झाली तर पोराची फौज गेली. पोरीचा पाय काय म्हागारी येणार हाय का?”

जोतिबाची बायको धोंडुबाई पुढं आली. तिनं नाथाजीच्या पायावर डोकं ठेवलं आणि ते उचललंच नाही.

तांबडं फुटायला नाथाजी वस्तीवर पोचला. ट्रॉलीच्या आडव्या पट्टीला स्कूटरचा निळा रंग खरवडून लागला होता आणि खाली ओढणीची एक चिंधी अडकली होती. त्यानं चिंधी सोडवून खिशात घातली, रंग रॉकेलनं पुसला आणि तारा जोडायला बसला. नवी तार उठून दिसेल म्हणून तिला माती चोळली. शंभूराजनं वर बसून ब्रेक दाबला. दोन्ही दिवे लख्ख लागले.

“हायत बरुबर, तात्या?” शंभूराजनं विचारलं.

“बरुबर,” नाथाजी म्हणाला आणि रॉकेलचे हात मातीनं घासत बांधाकडं गेला.

दवाखान्यात पोलिसांनी प्रांजलला विचारलं. ती म्हणाली, “मागं दिवा नव्हता.” मग त्यांनी नाथाजीकडं बघितलं. फौजेतला माणूस, रस्त्यावर लोकांना दिव्यांसाठी अडवणारा. त्याच्या शब्दावर कोण संशय घेणार?

“दिवा होता,” नाथाजी म्हणाला. “म्या सोता बशिवलाय.”

“आबा?” प्रांजल म्हणाली.

पोलिसांनी लिहून घेतलं की मुलीची गाडी वेगात होती. सुलाबाई लेकीच्या उशाशी बसली होती. तिनं नवऱ्याकडं एकदा बघितलं आणि त्या दिवसापासून त्याचं ताट वाढायचं बंद केलं. तो स्वतः वाढून घ्यायला लागला.

शंभूराज फौजेत गेला. त्याला निरोप द्यायला तोच ट्रॅक्टर फुलांनी सजवला होता.

पुढच्या हंगामात कारखान्यावर रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम झाला. नाथाजीला शाल, नारळ द्यायचं ठरलं, आणि प्रांजललाही बोलावलं, कुबड्यांसकट, पहिल्या रांगेत. पाहुणे तिच्याकडं हात करून म्हणाले, “तरुण मुलांनी वेग आवरला नाही तर काय होतं, ते समोर बसलंय.” लोक माना वळवून बघायला लागले. काही बायांनी च्‌ च्‌ केलं. नाथाजीच्या खांद्यावर शाल होती. तो उठला नाही.

मग पाहुण्यांनी त्याला मंडपाशेजारी ट्रॉलीसकट उभ्या केलेल्या जोतिबाच्या ट्रॅक्टरवर चढायला सांगितलं. ब्रेक दाबून लोकांना दिवा दाखवायचा होता. तो कसाबसा चढला आणि तसाच बसून राहिला. जोतिबा खालून म्हणाला, “दाब की रं.”

प्रांजल कुबड्यांवर उठली. ट्रॉलीच्या मागं जाऊन उभी राहिली.

“दाबा, आबा,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “मला बघू द्या.”

त्यानं ब्रेक दाबला. दिवे लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“झ्याक लागतोय,” ती म्हणाली, आणि एकटीच फाटकाकडं चालायला लागली. आवाराबाहेर पडायला तिला बराच वेळ लागला. तोवर नाथाजीनं पाय उचलला नाही.

प्रांजलनं सांगलीत दुसऱ्या दुकानात काम धरलं, खोली घेतली आणि आईला घेऊन गेली. नाथाजी दर गुरुवारी एसटीनं जातो. सुलाबाई दार उघडते, त्याच्या हातातली भाजीची पिशवी घेते आणि दार लावते. तो जिन्यात थोडा वेळ बसतो आणि परतीची गाडी धरतो. रस्त्यात अजूनही बिनदिव्याच्या ट्रॉल्या दिसतात. तो आता कुणाला अडवत नाही.