दीड किलोचा कडता

नामदेव किती मोठा बॉक्सर होता, हा वाद आमच्या गावात चाळीस वर्षं चालला. गाव तारापूरच्या खालच्या अंगाला, किनाऱ्यावर. इथं बोटी कमी झाल्या, बोंबील कमी झाले, वाद काय कमी झाला नाय. जाळी सांधायला चार माणसं बसली की कोणीतरी तो काढायचाच. आणि नामदेव तिथंच बसलेला असायचा, सुई हातात, मान खाली. स्वतःच्या मयताला येऊन बसल्यासारखा ऐकायचा.

"जिल्ह्यात तीन वर्षं पहिला आलाय. दुसरा दाखव कोण ते," एक जण म्हणायचा.

"आणि पुण्यात तीन वर्षं पहिल्याच लढतीत आडवा झालाय. तो पण दुसरा दाखव," दुसरा म्हणायचा.

मग सगळे नामदेवकडं बघायचे. तो गाठ दातानं तोडून एवढंच म्हणायचा, "पुण्याचा काटा जड होता." आणि सगळे हसायचे. हसणाऱ्यांत त्याच्या बाजूचे पण असायचे.

आमच्याकडं ह्या खेळाला शब्द नव्हता. आमी ठोसाठोशी म्हणायचो, आज पण तेच म्हणतो. बोईसरच्या एका कंपनीतल्या साहेबाला त्याचं वेड. त्यानं नामदेवला बंदरावर बर्फाच्या लाद्या उचलताना बघितलं आणि उचलून नेलं. वय एकवीस-बावीस, नुकतं लग्न झालेलं. दोन पावसाळे साहेबानं त्याला कॉलनीच्या शेडमध्ये घासला. हात असे चालायचे, की समोरच्याला ठोसा लागल्यावर कळायचं कुठून आला. तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात, आणि साहेबाच्या हट्टानं जिल्ह्याची स्पर्धा ती तीन वर्षं बोईसरलाच भरली. चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी, शहाऐंशी. तिन्ही वर्षं एक्कावन्न किलोखालच्या गटात नामदेव पहिला. गावात ट्रकवरून मिरवणूक. तेव्हापासून त्याला चँपेन म्हणतात, आता पोरं म्हणतात ती कुत्सितपणे.

जिल्ह्यात जिंकला की पुढं राज्याची स्पर्धा, पुण्याला. तिथं एक लढत जरी जिंकली, तरी साहेब कंपनीत कायमची नोकरी लावणार होता. तसा शब्द होता.

पहिल्या वर्षी पुण्याच्या काट्यावर उभा राहिला आणि काटा साडेबावन्न बोलला. एक तास दिला त्याला, उतरव म्हणाले. अंगाला प्लास्टिक गुंडाळून तो जिन्यावरून वर-खाली धावला, थुंकून थुंकून तोंडाचं चामडं केलं. बसला एक्कावन्नात. पण दुपारी लढतीला उभा राहिला तेव्हा पायात जीव नव्हता. दुसऱ्या फेरीत खाली.

साहेब म्हणाला, "गाडीत खाल्लंस."

नामदेवनं खरं ते सांगितलं. जमनानं, त्याच्या बायकोनं, दोन भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी बांधून दिली होती, ती खाल्ली.

झालं. घरी आल्यावर सासू जमनाला म्हणाली, तुझ्या भाकरीनं माझा पोर पाडला. पुढल्या वर्षी जमनानं काय दिलं नाय, त्यानं गाडीत एक केळं खाल्लं. काटा साडेबावन्न. तिसऱ्या वर्षी पाण्याचा घोट नाय घेतला. काटा तोच, एखाद-दोन छटाक इकडंतिकडं. तिन्ही वेळा प्लास्टिक, तिन्ही वेळा जिना, तिन्ही वेळा आडवा. मग साहेबाची बदली झाली, शेडमध्ये ड्रमं भरली, नामदेव बोटीवर परत आला. बोटीवर वीस वर्षं, मग कंपनीच्या गेटवर वॉचमन पंधरा वर्षं, आता गुडघे गेल्यावर दुसऱ्यांची जाळी सांधतो. दारू पीत नाय. प्यायला असता तर बरं झालं असतं, असं जमना म्हणते, निदान लोकांना कारण तरी मिळालं असतं.

ह्या माणसाला जन्मात एकच गोष्ट पायजे होती. आपण चांगले होतो की नव्हतो, ते कोणीतरी ठाम सांगावं. चांगला नव्हता म्हणालं तरी चाललं असतं त्याला. त्याचंच त्याला कळत नव्हतं. बोईसरला समोर येईल त्याला झोपवणारा नामदेव खरा, की पुण्यात पाय लटपटणारा खरा.

वाद मिटवायची वेळ यंदा आली. ग्रामपंचायतीनं व्यायामशाळा बांधली, वर पत्रा, खाली लादी. तिला नामदेवचं नाव द्यायचं, असा अर्ज रामनाथनं केला.

रामनाथ म्हणजे नामदेवचा शेजारी. मच्छीमार सोसायटीत तीस वर्षं काटा धरायचा, माशाचं वजन करायचा. नामदेवच्या बाजूनं सगळ्यात मोठा आवाज त्याचा. त्याच्यासाठी तो भावाशी बोलायचा बंद झालाय, एकदा वरातीत मार पण खाल्लाय.

ग्रामसभा सकाळी अकराला, समाजमंदिरात. अर्जाला विरोध केला विपुलनं. विपुल गावचाच, सरावलीच्या शाळेत खेळ शिकवतो. पोरगा सरळ आहे, कोणाच्या अध्यात नाय.

"काका, रागवू नका," तो नामदेवला म्हणाला. "पण नाव दिलं की पोरं विचारणार, हे कोण. मी काय सांगू? राज्यात एक लढत नाय जिंकली. वजन पण आटोक्यात ठेवता आलं नाय. खेळाडूला पहिली गोष्ट तीच शिकवतात."

रामनाथ उठला. उठताना खुर्ची पडली ती त्यानं उचलली पण नाय.

"इपल्या, तेव्हा तुझ्या बापाचं लगीन पण झालेलं नव्हतं. वजनाचं तू मला सांगतो? बोईसरला काटा कोणाचा होता? आपल्या सोसायटीचा. साहेब म्हणाला, अख्ख्या पट्ट्यात एवढा सच्चा काटा नाय. टेंपोत घालून न्यायचो, आणि धरायचो मी. तिन्ही वर्षं. हा कधी एक्कावन्नच्या वर गेला नाय."

"मग पुण्यात कसा गेला?"

"ते पुण्याला विचार. माझं वजन चोख. अरे, हा सकाळी समुद्रात बुडी मारून तसाच टेंपोत चढायचा. नेम होता त्याचा. चड्डीतून पाणी गळतंय, केसांतून गळतंय. दुसरा कोण असता तर तसंच ओलं वजन लिहून मोकळा झाला असता. मी कडता कापून लिहायचो."

"कसला कडता?"

"पाण्याचा. जवळ्याची ओली टोपली आली की पाण्यापायी दीड किलो वजा करतात, ठाऊक नाय तुला? मच्छीमाराचा ना तू? तसाच."

बायांच्या बाजूला हसू फुटलं. कोणीतरी म्हणालं, चँपेन जवळ्याच्या भावानं गेला. विपुल हसला नाय.

"बाकीच्यांचा कापायचात?"

"बाकीचे एस्टीनं यायचे. कोरडे. त्यांचा कशाला कापू?"

"काका," विपुल हळू म्हणाला, "टोपलीत पाणी राहतं. माणसाच्या अंगावर किती राहणार? चड्डी धरून पावशेर."

रामनाथनं तोंड उघडलं. मग त्याचा उजवा हात आपोआप वर आला, दांडीवरचं वजन मागं सरकवतात तसा, आणि तिथंच थांबला. त्याला कळलं. आमाला पण तेव्हाच कळलं. चाळीस वर्षं हे सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होतं, आणि मासे मोजणाऱ्या एका माणसाला त्यात वावगं वाटलं नाय, मासे विकणाऱ्या अख्ख्या गावाला पण नाय.

नामदेव उठला. "दरवर्षी?"

"सवय ती, नामदेव. हात जायचाच."

म्हणजे तो घरातनं निघायचा तेव्हाच साडेबावन्नचा होता. त्यानं लढायचं होतं वरच्या गटात, चोपन्नखाली. तिथं पोटभर जेवून, पाणी पिऊन, सरळ पायांवर उभा राहिला असता. तिथं पुण्यात जिंकला असता की बोईसरलाच पडला असता, ते आता कोण सांगणार. त्याचं खरं वजन धरून तो एकदा पण लढलेला नव्हता.

बायांमधून जमनाचा आवाज आला. मोठा नव्हता.

"मग माझ्या भाकरीचं काय?"

जिनं बोल लावला ती सासू कधीच वर गेलेली. सरपंचानं नावाचा विषय पुढं ढकलला आणि पाण्याच्या टाकीचा घेतला.

रामनाथ दोन दिवस घराबाहेर पडला नाय. तिसऱ्या दिवशी नामदेवच्या अंगणात येऊन बसला. नामदेव जाळं सांधत होता.

"मार मला," रामनाथ म्हणाला.

"मारून काय होईल?"

"मी तुझ्यासाठी बोललो रे."

"ठाऊक हाय." नामदेवनं सुई खाली ठेवली. "तू गप राहिला असता तर मी निदान हरलेला होतो. आता मी काय हाय ते सांग."

रामनाथ उठून निघून गेला. तेव्हापासून त्यांचं बोलणं नाय. भांडण पण नाय.

पुढच्या सोमवारी नामदेव मासवणला गेला. जमनाला म्हणाला, प्रदीपला सांगून येतो. बोईसरच्या तिन्ही फायनलला त्याच्यासमोर हा प्रदीप होता, मासवणचा, शेतकरी घरातला, पन्नास किलोचा, काटकुळा. तिन्ही वेळा नामदेवनं त्याला पाडलेला. त्यानंतर भेट नव्हती. नामदेवच्या मनात काय होतं ते त्यानं मला पुढं सांगितलं. त्याला वाटलं, माझे ठोसे खाल्लेला हाच एक माणूस जिवंत आहे. खरं काय ते ह्यालाच ठाऊक.

पालघरला एस्टी बदलून तो पोचला तेव्हा प्रदीप ओटीवर वाल सोलत होता.

"वळखला का?"

"नाक वळखलं," प्रदीप म्हणाला. "ते मी वाकडं केलेलं. बस."

नामदेव बसला आणि सगळं सांगितलं. समुद्राची बुडी, काटा, कडता, पुणे, प्लास्टिक, जिना. प्रदीप शेंगा सोलत ऐकत होता. मग सोलायचा थांबला.

"तिन्ही वर्षं तू जड होतास?"

"दीड किलो."

"मंजे मी हरलो नव्हतो."

नामदेवला हे अपेक्षित नव्हतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांनी त्याच्यासाठी केलेला वाद आता त्याला स्वतःला करायला लागला. "तसं नाय म्हणता येत, परदीप. माझा हात तू बघितलास. दीड किलोनं काय होतं? दीड किलोनं कोणी पडतो का?"

"मग तू पुण्यात कसा पडलास?"

नामदेवनं उत्तर शोधलं. दीड किलोनं काय होत नाय, तर पुण्यातला तो लटपटणाराच खरा. दीड किलोनं सगळं होतं, तर बोईसरचा चँपेन हा समोर वाल सोलत बसलाय. तिसरं उत्तर त्याला ओटीवर सापडलं नाय, आणि मला विचाराल तर मला पण सापडलेलं नाय.

प्रदीप त्याच्या हातांकडं बघत म्हणाला, "तिसऱ्या वेळी पडलो ना, तेव्हा बापानं विचारलं, तुला हे येतं का नाय, खरं सांग. नाय तर नांगर धर. मी म्हणलो, नाय येत." त्यानं एक शेंग उचलली आणि न सोलताच परत ठेवली. "माझा पोरगा चांगला खेळायचा, कबड्डी. त्याला पण मी सोडायला लावलं. म्हणलं आपल्या रक्तात नाय."

"मी मुद्दाम नाय केलं."

"कोण म्हणतो केलं? पण आज येऊन सांगायची गरज नव्हती. मी गप बसलो होतो." त्यानं सूप पुढं ओढलं. "एक वाजता एस्टी हाय. नंतर चारशिवाय नाय."

चहा विचारला नाय. नामदेव साडेबारालाच नाक्यावर येऊन उभा राहिला.

घरी आल्यावर जमनानं विचारलं, "काय म्हणाला?" नामदेव म्हणाला, "बरा हाय." पाय धुतले आणि पडून राहिला.

व्यायामशाळेला शेवटी त्याचंच नाव दिलं. आमदारांची तारीख मिळाली होती, फलक रंगवायचा होता, आणि दुसऱ्या नावावर दोन वाड्यांचं जमेना. विपुलनं पण हात वर केला. म्हणाला, त्या माणसावर अन्याय झालाय. उद्घाटनाला नामदेव गेला नाय. त्याच्या जागी जमना गेली, शाल-नारळ घेऊन आली. नारळाचं तिनं कालवण केलं. नामदेव जेवला, चांगलं झालंय म्हणाला.

गावात वाद आता नव्यानं रंगतो, दोन्ही बाजूंना कडत्यामुळं जोर आलाय. खरा गट मिळाला असता तर देशात गेला असता, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, हलक्या पोरांना बडवून चँपेन झालेला. नामदेव तिथं बसत नाय. जाळं घेऊन तो घराच्या मागल्या पडवीत बसतो, भिंतीकडं तोंड करून. मी परवा गेलो होतो. विचारलं, आता तरी मनात काय ठरलं का तुझं, कसा होतास तू?

त्यानं मान वर केली नाय. म्हणाला, "दोरा संपत आलाय. जमनाला सांग."