मोठेबाबांचं मोटारीचं बुक

मोटार सांभाळून तिचे कागद हरवणारे लोक या जगात पोत्यानं सापडतील; पण मोटार मातीत घालून कागद देवासारखे जपणारा माणूस मी एकच पाहिला. तो म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा. वडनेरला त्यांची इंग्रजी अमदानीतली मोटार होती, असं म्हणायचं. खरं तर ती गावभर होती. इंजिन मळ्यातल्या विहिरीवर पाणी ओढी, मागची गादी ओट्यावर पाहुण्यांच्या सेवेत, दोन दारं गोठ्याला आणि भोंगा चुलतभावानं पोळ्याला बैलांपुढं वाजवायला नेला तो नेलाच. "मोटार विकली वाटते?" असं कुणी म्हटलं की मोठेबाबा खवळत. "विकाले काय झालं? आहे नं!" म्हणत ट्रंकेतून लाल फडक्यात बांधलेलं मोटारीच्या नोंदणीचं सरकारी बुक आणत आणि लांबूनच दाखवत. कुणाच्या हाती म्हणून देत नसत. मध्यप्रांत-वऱ्हाड गेला, मुंबई राज्य आलं, मग महाराष्ट्र झाला. बुकातल्या मोटारीचा एक स्क्रूसुद्धा ढिला झाला नव्हता.

उन्हाळ्यात दुपारची जेवणं झाली की ते ओट्यावरच्या त्या गादीवर टेकत, बुक मांडीवर घेत, डोळे मिटत आणि निघत. हो, निघतच! "चाल बे, रोहिणखेडले जाऊन येऊ." मी कॉलेजातून सुट्टीला आलेला दीडशहाणा, तरी मुकाट्यानं शेजारी बसायचो. नांदुरा मागं पडे, मोताळ्याकडचा धुळीचा रस्ता लागे, भर वैशाखात दोन्हीकडे पऱ्हाटीला पांढरी बोंडं फुटत. जुन्या मशिदीच्या सावलीत मोटार थांबे. "इंजिन तापलं, पाणी टाकू दे," म्हणून मोठेबाबा स्वतःच तांब्याभर पाणी पीत. मलाही गार वाटे, खोटं कशाला बोलू?

एका सुट्टीत खामगावकडचा एक मोटारींचा दलाल फटफटीवर बसून आला. बोलणं नुसतं तुपातलं. त्याला मोटार नको होती, नुसतं बुक हवं होतं. एक सही करा, मालकाचं नाव बदलू, आणि ही फटफटी तुमची! मी म्हटलं, मोटारच नाही तर बुकाचं काय करता? तो हसला. आगापिछा नसलेल्या एखाद्या गाडीवर हा नंबर चढवायचा, बुक दाखवायचं, की ती गाडी जन्मापासून सज्जन.

मोठेबाबा फटफटीभोवती दोनदा फिरले. हँडल धरून पाहिलं, टाकीवरून हात फिरवला. मोह पडला होता, दिसतच होतं. मग म्हणाले, "नाई जी, जमत नाई."

मी भडकलो. "काऊन? त्या कागदाचं काय लोणचं घालता?"

"चोरीच्या गाडीले तुह्या मोठीआईचं नाव देऊ काय बे?"

मला हे ठाऊकच नव्हतं. मोठीआई, म्हणजे मोठेबाबांची बायको, माझ्या लहानपणीच गेली होती. शेत आजोबांच्या नावावर, घर मोठेबाबांच्या. म्हणून हौसेनं मोटार तिच्या नावावर घेतली. तीत ती बसली दोन-तीनदा, तेही पदर दातात धरून. "तिचं नाव सरकारात एवढ्या एकाच जागी आहे," मोठेबाबा म्हणाले. "ते खोडलं त बाई होती का नोती, कोण सांगीन?"

माझी मान खाली गेली. दलालानं दोन्ही हात पुढं केले, आणि नवल म्हणजे मोठेबाबांनी बुक त्याच्या हाती दिलं. सगळं इंग्रजीत, मोठेबाबांना त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं. आणि बायकोचं नाव तोंडानं घ्यायची आमच्यात रीत नाही. त्यांनी ते घेतलं असेल तर लग्नातल्या उखाण्यात, तेवढंच. दलालानं पान उघडून वाचलं, "यमुनाबाई."

मोठेबाबांचे ओठ हलले, आवाज आला नाही. मग म्हणाले, "अजून एक डाव वाचा जी."

दलालानं पुन्हा वाचलं, या खेपेला सावकाश. मग बुक परत देऊन, नमस्कार करून तो फटफटीवरून निघून गेला. माझ्या मोठीआईचं नाव यमुना होतं, हे मला विसाव्या वर्षी एका परक्या माणसाच्या तोंडून कळलं.