स्वतःच्या खुर्चीची जाहिरात

मार्व्हलिन ग्रँडिसनचा दिवस पहाटे पाचला हिरवी केळी उकडायला टाकून सुरू व्हायचा. केळी शिजेपर्यंत इस्त्री, इस्त्री होईपर्यंत खारा मासा भिजून मऊ. सातला ती जॉर्जटाउनच्या ऑफिसचं कुलूप उघडायची. मालक ऑसगूडसाहेब दहाला यायचे, सही करण्याच्या विचारानेच दमलेले.

ती वकील. काम असं होतं. केमन बेटावर परदेशी माणूस नोकरीला ठेवायचा तर परवाना लागतो, आणि परवान्याआधी ती जागा पेपरात जाहीर करावी लागते. बेटावरचा कोणी लायक निघाला तर जागा त्याची. म्हणजे स्वयंवर. फक्त हार कोणाच्या गळ्यात पडायचा हे आदल्या रात्रीच ठरलेलं. दार आधी तयार असायचं, मार्व्हलिन त्याच्या मापाची चौकट करून द्यायची. एका हॉटेलमालकाला आपला स्विस मॅनेजर सोडायचा नव्हता. तिने लिहिलं, बर्फाळ डोंगरावरचं हॉटेल चालवल्याचा अनुभव आवश्यक. या बेटावर बर्फ फक्त ग्लासात पडतो. एकही अर्ज आला नाही. इथे लायक माणसंच मिळत नाहीत, म्हणून मालकाने मनापासून दुःख व्यक्त केलं.

दुपारनंतर नोकरीवरून काढण्याची पत्रं. तीही तिचीच. इतकी मऊ लिहायची की वाचणाऱ्याला पहिल्या दोन ओळी आपली बढती झाली असंच वाटायचं.

मार्व्हलिन जमैकाची, म्हणजे तीही परवान्यावर. त्यामुळे दर काही वर्षांनी तिचीही खुर्ची पेपरात यायची. किनाऱ्यावरचा मासेवाला अॅशलिन तेच पान जपून ठेवायचा आणि तिचा मासा त्यात गुंडाळून द्यायचा. "मिस मार्व्हलिन, खुर्ची गादीसकट देतात की गादी वेगळी?"

या खेपेला हसण्यासारखं नव्हतं. परवाना वाढला की कायम राहण्याचा अर्ज करता येणार होता. नाही वाढला तर चंबूगबाळं आवरायचं. भाड्याच्या घरामागे तिने अॅकीचं, जमैकात घरोघरी खातात त्या फळाचं, झाड लावलं होतं, आणि त्याला यंदा पहिल्यांदा फळ धरलं होतं.

"तुझी जाहिरात तूच लिही," ऑसगूडसाहेब म्हणाले. "तुझं माप तुझ्याइतकं कोणाला ठाऊक?"

तिने लिहिली. परवान्याचा आणि नोकरीचा, दोन्ही कायदे यावेत. परवाने देणाऱ्या बोर्डापुढे अपिलं चालवलेली असावीत. होंडुरासच्या मजुरांशी त्यांच्या स्पॅनिशमध्ये बोलता यावं. याच कामाचा पाच वर्षांचा अनुभव. वाचून तिला स्वतःबद्दल थोडा आदरच वाटला.

बोर्ड आणखी एक विचारायचं, की बेटावरच्या कोणाला तयार करताय का? ऑफिस दर वर्षी लिहून द्यायचं: ईस्ट एंडच्या डेल्सी पॉवरी हिला पहिल्या दिवसापासून सर्व कामांत तयार करत आहोत. तयारी म्हणजे चहा, टपाल आणि साहेबांचं जेवण आणणं. मागच्या खेपेला बोर्डाने पुरावा मागितला. साहेब मार्व्हलिनला म्हणाले, दाखव काहीतरी. काहीतरी करणं तिला जमत नसे. तिने जेवणाच्या सुट्टीत डेल्सीला कायदा शिकवायला घेतला. चुकलेला मसुदा फाडायचा, नवा लिहायला लावायचा, मजुरांशी स्पॅनिशमध्ये बोलायला बसवायचं. अपिलाला आधी सोबत नेलं, मग पुढे उभं केलं. वकिलीच्या संध्याकाळच्या वर्गांची आणि परीक्षेची फी साहेबांनी पुढच्या वर्षावर ढकलली, आणि पुढच्या वर्षी त्याच्या पुढच्या. शेवटी मार्व्हलिनने आपल्या पगारातून भरली. दयाबिया नव्हे. स्वतःच्या परवान्याच्या अर्जाला जोडायला डेल्सीचं प्रमाणपत्र हवं होतं.

डेल्सी पास झाली. पुरावा भक्कम झाला.

जाहिरात आली. अर्ज घ्यायचं कामही मार्व्हलिनकडेच होतं. शेवटच्या दिवशी, ऑफिस बंद व्हायच्या सुमारास, डेल्सी टेबलासमोर उभी राहिली. हातात चहा नव्हता.

"मिस मार्व्हलिन, जाहिरात ओळीओळीने वाचायची, तुम्हीच शिकवलंत. वाचली. सगळं जुळतंय."

"पाच वर्षांची ओळ वाचलीस?"

"वाचली. मी पहिल्या दिवसापासून सगळ्या कामांत आहे, असं ऑफिसने बोर्डाला पाच वर्षं लिहून दिलंय. दर वर्षी. मसुदा तुमचाच आहे."

"चहासुद्धा अनुभवात धरलास म्हणायचा."

"चहाचं तुम्ही कुठे लिहिलं नव्हतं, मिस."

मार्व्हलिनने अर्ज ओढून घेतला आणि पहिल्यापासून वाचला. नेटका होता. तिसऱ्या पानावर सही राहिली होती. बिनसहीचा अर्ज बाद. असे कितीतरी अर्ज तिने नियमावर बोट ठेवून टोपलीत टाकले होते, आणि उद्या उजाडल्यावर या सहीला काही किंमत उरणार नव्हती. तिने त्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. मग पान डेल्सीकडे सरकवलं.

"इथे सही कोण करणार, तुझा बाप? मी शिकवलेली पोरगी असला अर्ज देते हे कळलं, तर मला जमैकातही कोणी उभं करायचं नाही."

डेल्सीने सही केली. बोर्डाने जाहिरात वाचली, दर वर्षीची लेखी हमी वाचली, जोडलेलं प्रमाणपत्र वाचलं, आणि मार्व्हलिनचा परवाना वाढवला नाही.

ऑसगूडसाहेब खरंच हादरले. त्यांचा स्वतःचा परवाना मार्चमध्ये संपत होता. त्यांच्या मापाची चौकट आता कोण करणार? डेल्सी करेल, मार्व्हलिन म्हणाली, पण तिला मापं खरी लागतात. साहेबांना यातलं काय बोचलं ते कळलं नाही, पण त्यांनी चहा स्वतः करून घेतला.

नव्या खुर्चीवर डेल्सीचं पहिलं काम म्हणजे मार्व्हलिनला द्यायचं पत्र. मार्व्हलिनने वाचलं. दोन ओळी तिला बढती झाल्यासारखंच वाटलं. तिने एक स्वल्पविराम तेवढा काढायला लावला.

झाडाची आपोआप उघडलेली फळं तिने तोडून नेली. मिटलेली तशीच ठेवली, मिटलेली अॅकी विषारी. झाड घरमालकाच्या जमिनीत होतं, ते घरमालकाला राहिलं. परतीचं तिकीट ऑफिसने काढलं. तिच्या पगाराची एकच वस्तू ऑफिसात उरली, त्या खुर्चीच्या डोक्यावर लटकलेलं डेल्सीचं प्रमाणपत्र. फी तिने भरलेली. चौकटही तिनेच करून घेतली होती, महोगनीची, अगदी मापात.